मधलं पांढरं

“बाळा, ह्ये मधलं पांढरं कशाचं रं?” असे त्या आजींनी विचारले, तेव्हा त्यांच्या छातीचा ओला फोटो माझ्या हातात हॅन्गरवर निथळत होता आणि दाराबाहेरच्या बाकावर अकरा माणसे ताटकळत होती. 2003 च्या पावसाळ्यातला तो बाजाराचा दिवस. तालुक्याच्या रुग्णालयातल्या एक्स-रे खोलीत मला तोवर सतरा वर्षे झाली होती. छातीचा फोटो काढून घेणारी माणसे सहसा फोटोकडे पाहत नाहीत, ती माझ्या तोंडाकडे पाहतात. तंत्रज्ञाने निदान सांगायचे नसते हा नियम त्यांना ठाऊक नसला, तरी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल अशी त्यांना आशा असते. या आजी मात्र फोटोच निरखत होत्या. मी दोन्ही बाजूंचा काळा भाग दाखवला, ही तुमची फुप्फुसे, यांत हवा असते म्हणून काळी दिसतात, असे सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. मधल्या पांढऱ्या पट्ट्याकडे त्यांनी बोट नेले, ओल्या फोटोला हात लागेल म्हणून मी तो मागे घेतला आणि घाईत म्हणालो, “ते मधलं असतं, आजी. त्यात बघण्यासारखं काही नसतं.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग उजवा तळवा छातीच्या मधोमध पसरून त्या म्हणाल्या, “आन् दुखतंय तर हितंच की.”

मी पुढचा नंबर पुकारला.

खरे तर ते वाक्य माझे नव्हते. नोकरीत नवा असताना आमच्या वरिष्ठांनी मला तेच सांगितले होते, आणि त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी सांगितले असणार. छातीच्या फोटोत आम्ही पाहायचो ती फुप्फुसे. टीबीचा डाग, न्यूमोनियाचा ढग, तळाशी साचलेले पाणी, सगळे काळ्यावर उठून दिसते. मधले पांढरे जागच्या जागी आहे ना आणि फार रुंद नाही ना, एवढेच डॉक्टर पाहत, आणि आम्ही तेवढेही पाहत नसू. वास्तविक प्रशिक्षणाच्या काळात शरीररचना शिकवणाऱ्या आमच्या सरांनी या जागेवर दोन पूर्ण तास खर्च केले होते. दोन फुप्फुसांच्या दोन पिशव्यांच्या मधली ही जागा, पुढे उरोस्थीपासून, म्हणजे छातीच्या मधल्या हाडापासून, मागे पाठीच्या कण्यापर्यंत, वर मानेच्या बुडापासून खाली श्वासपटलापर्यंत. हिचे नाव मीडियास्टायनम. नाव उच्चारताना आम्ही अडखळलो, तेव्हा सर म्हणाले, “सोपं आहे. छातीचं माजघर म्हणा.” वाड्यात वाढलेल्या आम्हा मुलांना ते लगेच समजले. ओटीवर पाहुणे बसतात, परसात गुरे असतात, पण घरातली सगळी ये-जा माजघरातून होते आणि बाहेरच्याला ते कधी दिसत नाही. फरक इतकाच, की आमच्या घरचे माजघर अंधारे होते आणि फोटोतले पांढरेफटक.

हा पांढरेपणा हीच सगळी अडचण. एक्स-रेला रंग ओळखू येत नाहीत. कोणती वस्तू त्याला किती अडवते एवढेच कळते. हवा त्याला जवळजवळ अडवत नाही म्हणून तिथली फिल्म काळी पडते, हाड पुष्कळ अडवते म्हणून ते पांढरे राहते. रक्त, स्नायू आणि पाणी मात्र त्याच्या लेखी सारखेच. त्यामुळे हृदय, हृदयातली रक्ताने भरलेली दालने, त्यांतून निघून वर जाऊन वळणारी महारोहिणी, डोक्याकडून आणि हातांकडून रक्त घेऊन येणारी महाशिरा, अन्ननलिका, लसीका गाठी, आणि त्यांच्या पुढे-मागे उरोस्थी व मणके, हे सारे एकावर एक पडून एकच सावली तयार होते. दहा माणसे एकामागे एक उभी राहिली आणि दिव्याने त्यांची एकच सावली भिंतीवर पडली, तर त्यातले कोण कोण ते कसे सांगणार? त्या गर्दीत एकटी श्वासनलिका हवेची असल्याने काळसर पट्टीसारखी दिसते, सुमारे 10 ते 12 सेंटीमीटर खाली येते आणि दोन फांद्या होऊन बाजूंना निघून जाते. बाकी सगळ्यांची ओळख कडेवरून पटवायची. डाव्या कडेला वरून खाली उंचवटे असतात: पहिला महारोहिणीच्या कमानीचा, त्याखाली फुप्फुस-धमनीचा, आणि तळाशी डाव्या जवनिकेचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या दालनाचा, मोठा फुगवटा. कडेने जेवढे बाहेर डोकावते तेवढेच. आतले आतच राहते.

सरांनी त्या दोन तासांत आम्हाला स्वतःच्याच छातीवर बोट ठेवायला लावले होते. गळ्याच्या खालच्या खळगीत बोट ठेवायचे आणि उरोस्थीवरून हळूहळू खाली सरकवायचे. साधारण 5 सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा बोटाला लागतो. तिथे उरोस्थीचे दोन तुकडे किंचित कोन करून जुळलेले असतात. याला लुईचा कोन म्हणतात. दुसरी बरगडी नेमकी इथे येऊन मिळते, म्हणून बरगड्या मोजणारे डॉक्टर इथूनच सुरुवात करतात. पण सरांना सांगायचे होते ते त्याच्या मागचे. या उंचवट्यातून सरळ मागे छातीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधोमध एक पातळ पत्रा सरकवला, तर माजघराचे वरचे आणि खालचे असे दोन भाग पडतात, आणि त्या पत्र्याला काय काय भेटते ते पाहा: महारोहिणीची कमान इथेच सुरू होते आणि इथेच संपते, श्वासनलिका साधारण इथेच दुभागते, आणि पोटातून चरबी घेऊन वर निघालेली लसीकेची मुख्य नळी याच सुमाराला उजवीकडून डावीकडे ओलांडते. आम्ही पंचवीस जण वर्गात छातीला बोट लावून बसलो होतो. एका मुलाला तो उंचवटा सापडेना, तर सरांनी स्वतः त्याच्या सदऱ्यावरून बोट फिरवून दाखवला. आजही बसची वाट पाहताना माझे बोट नकळत तिथे जाते.

हे शिकलेले होते, पण ते माझे झाले ते 1994 मध्ये, आण्णांच्या आवाजामुळे.

आण्णा म्हणजे माझे वडील. काकडआरतीला त्यांचा आवाज देवळाबाहेरच्या पारापर्यंत पोहोचायचा. त्या वर्षी आषाढातच तो बसला. सगळ्यांनी घशावर घेतले. हळदीचे दूध झाले, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. आवाज घोगरा राहिलाच, वर पाणी पिताना ठसका लागू लागला. तिसऱ्या महिन्यात घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आण्णांची जीभ कापडात धरून आत छोटा आरसा घातला, ‘ई’ म्हणायला लावले, मग खोकायला सांगितले. “खोकल्याला धार नाही,” ते म्हणाले. “डावा स्वरपडदा हलत नाहीये. छातीचा फोटो काढा.” आण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, “घशाच्या दुखण्याला छातीचा फोटो कशाला? तुझं गिऱ्हाईक वाढावं म्हणून होय?” मी हसलो, पण आठ वर्षे छातीचे फोटो काढूनही मला नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर जुन्या वहीत होते. व्हेगस नावाची तंत्रिका, म्हणजे मेंदूचे निरोप वाहणारी तार, जिला पारिभाषिक मराठीत प्राणेशा असे देखणे नाव आहे, ती मेंदूतून निघून मानेतून छातीत उतरते. स्वरयंत्राला जाणारी तिची फांदी मानेतच फुटून सरळ शेजारच्या घरी गेली असती, तर वीतभराचेही अंतर नव्हते. पण डावी फांदी तसे करत नाही. ती मूळ तंत्रिकेबरोबर स्वरयंत्र ओलांडून थेट छातीत येते, महारोहिणीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून पुन्हा वर चढून घशात पोहोचते. उजवी फांदी तुलनेने शहाणी. ती मानेच्या बुडाशीच एका धमनीखालून वळते आणि परत फिरते. गर्भात हृदय आधी मानेजवळ असते, तेव्हा हा रस्ता जवळचाच असतो. पुढे हृदय आणि त्याच्या कमानी खाली छातीत उतरतात आणि त्यांच्याखालून गेलेली फांदी त्यांच्याबरोबर ओढली जाते. दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने रोममध्ये लोकांसमोर जिवंत डुकराच्या या फांद्या बांधून त्याचे ओरडणे बंद करून दाखवले होते. म्हणजे माणसाचा आवाज घशात तयार होतो खरा, पण त्याची एक तार काळजाजवळून फेरी मारून येते, आणि त्या वळणावर काही सुजले, फुगले वा दाबले, तर घशात काहीच न बिघडता आवाज जातो.

आण्णांचा फोटो मीच काढला. छातीचा फोटो काढताना रुग्णाची छाती कॅसेटला टेकवतात आणि नळी पाठीमागे सहा फुटांवर ठेवतात, म्हणजे हृदय फिल्मजवळ राहते आणि त्याची सावली उगाच मोठी होत नाही. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे रेटलेले. त्यामुळे माझ्या नोकरीत मी माणसांच्या पाठीच अधिक पाहिल्या. त्या दिवशी पाहिलेल्या पाठीवर, मी लहानपणी ज्यावर बसायचो त्या मानेखाली, घामोळ्याचे जुने डाग होते. “दीर्घ श्वास घ्या. धरा. सोडा.” हे शब्द मी दिवसातून चाळीस वेळा म्हणत असे, वडिलांना ‘घ्या, धरा, सोडा’ असा हुकूम करताना जीभ जड झाली. डार्करूमच्या लाल उजेडात डेव्हलपरमधून फिल्म वर उचलली. फुप्फुसे स्वच्छ होती. महारोहिणीचा उंचवटा आणि त्याखालचा फुप्फुस-धमनीचा उंचवटा यांच्यामध्ये एरवी आत वळलेली एक खाच असते. आण्णांच्या फोटोत ती भरली होती. नखाएवढी जागा, आत वळायची ती कड बाहेर फुगली होती. फिक्सरच्या त्या आंबूस वासात मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. बाहेरून आण्णांचा तो बिनधारेचा खोकला ऐकू येत होता.

पुण्याला नेऊन स्कॅन केला, तपासण्या झाल्या आणि गाठींचा टीबी निघाला. ज्याची भीती वाटली होती ते नव्हते. टीबी आहे हे ऐकून आनंद झालेले आमचे घर बहुधा पंचक्रोशीत एकटेच असेल. नऊ महिने एकेटी, म्हणजे टीबीवरची औषधे, चालली, लघवी लाल होते म्हणून आण्णा रोज वैतागले, वजन भरून आले, गाठी विरल्या. आवाज तेवढा परत आला नाही. त्यानंतरची अकरा वर्षे ते काकड्याला जात राहिले आणि मागच्या रांगेत नुसते टाळ धरत. ओठ हलायचे. मला ते पाहवत नसे, आणि ते जिवंत आहेत याचेच मोठे समाधान असताना आवाजाचे वाईट वाटून घेण्याची लाजही वाटे.

एवढे घरात घडूनही नऊ वर्षांनी त्या आजींना मी ‘मधे काही नसतं’ असे सांगितले, हे मला समजत नाही. कदाचित ओठांवर बसलेली वाक्ये अनुभवाने हटत नाहीत.

भाषेने मात्र या जागेकडे कधी दुर्लक्ष केलेले नाही. ऊर भरून येतो, छाती दडपते, उरात धस्स होते, काळजाचा ठोका चुकतो; मराठीतले अर्धे सुखदुःख या चार-पाच इंचांच्या पट्टीत राहते. नेमकेपणाशी मात्र तिला देणेघेणे नाही. खाटकाकडे कलेजी मागितली तर तो यकृत देतो, आणि आपण काळीज म्हणताना हात ठेवतो हृदयावर. उचकी लागली की कुणी आठवण काढली म्हणतो. प्रत्यक्षात श्वासपटल आचके देत असते, आणि त्याला हुकूम देणारी तंत्रिका मानेतून निघून हृदयाच्या आवरणाला चिकटून खाली येते. एका अर्थी भाषेचा हा ढिसाळपणा शरीराला धरूनच आहे. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंचे मणक्यातले प्रवेश एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून मेंदूला बरेचदा ओळखता येत नाही की हे जळजळणारे पित्त आहे की रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू. बरगडी दुखणारा माणूस एक बोट लावून जागा दाखवतो. आतले दुखणारा बहुतेकदा तळवा पसरतो किंवा मूठ धरतो. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. पुढे एका तरुण डॉक्टरांनी सांगितली, तेव्हा आजींचा तळवा आठवून पोटात खड्डा पडला.

या पांढऱ्याने फसवल्याची एक जुनी गोष्ट आमच्या धंद्याला लाज आणणारी आहे. तान्ह्या मुलाच्या फोटोत मधली सावली चांगली रुंद असते, कधी तर एका बाजूला होडीच्या शिडासारखा त्रिकोण दिसतो. तो थायमस. मराठी विश्वकोशात हिला यौवनलोपी ग्रंथी म्हटले आहे, आणि त्या एका शब्दात तिचे सगळे चरित्र आले: बालपणी ती वाढते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि मागे बहुतांशी चरबी उरते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेत कित्येक डॉक्टरांची समजूत होती, की मोठी थायमस श्वासनलिका दाबते आणि बाळे झोपेत दगावतात. नेहमीचा आकार त्यांनी ठरवला होता तो शवविच्छेदनातून, आणि ती शवे बहुतेक गरिबांची, आजाराने व उपासमारीने खंगलेली. अशा शरीरात ही ग्रंथी लवकर सुकते. म्हणून धडधाकट बाळांची ग्रंथी त्यांना वाढलेली वाटली आणि ती आक्रसावी म्हणून हजारो मुलांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यांतल्या अनेकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. रोगांशी लढणाऱ्या पेशी या ग्रंथीत तयार होतात हे जॅक मिलर यांनी 1961 मध्ये दाखवून दिले, तोवर ती निरुपयोगीच समजली जात होती. हे वाचले त्या आठवड्यात माझ्यासमोर एका बाळाचा फोटो आला, शीड स्पष्ट दिसत होते, बाप घाबराघुबरा झाला होता. नियम मोडून मी त्याला म्हणालो, घाबरू नका, हे असायलाच हवे.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन आला आणि माजघराचे दार उघडले. छातीचे आडवे काप पडद्यावर एकामागून एक सरकतात, जणू कुणी कांदा चिरावा तसे, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी वेगळा दिसतो: काळी गोल श्वासनलिका, तिच्या मागे चपटी अन्ननलिका, डावीकडून मागे वळणारी कमान. स्कॅनच्या खोलीत पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला सर्वांत नवल वाटले ते अन्ननलिकेचे. सुमारे 25 सेंटीमीटरची ही नळी खाली उतरताना हृदयाच्या डाव्या कर्णिकेला अगदी पाठीमागून खेटून जाते. म्हणूनच हृदयाची सोनोग्राफी कधी कधी अन्ननलिकेत नळी घालून करतात. तिथून हृदय अगदी लागूनच असते.

आजींचा फोटो माझ्याकडे आहे. हे नियमात बसत नाही. फोटो वाळला की तासाभराने येऊन घेऊन जायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा, अशी आमची पद्धत होती. न नेलेले फोटो मांडणीत पडून राहत आणि काही वर्षांनी चांदी काढणाऱ्या भंगारवाल्याला जात. अशाच एका ढिगात तो सापडला. नाव पुसट झाले होते, पण मी तो मण्यांवरून ओळखला. गळ्यातली तुळशीची माळ उतरवायला त्या तयार नव्हत्या, मीही आग्रह केला नव्हता, आणि तिचे पाच मणी गळ्याच्या खळगीखाली पुसटसे उमटले होते. म्हणजे त्या तो न्यायला आल्याच नव्हत्या. ज्यात बघण्यासारखे काही नाही तो फोटो नेऊन काय करायचा, असे त्यांना वाटले असेल. किंवा एसटी चुकली असेल. मी दुसरे कारण धरून बसण्याचा प्रयत्न करतो.

निवृत्तीनंतर कधीतरी दुपारी तो खिडकीच्या काचेला धरून पाहतो. फुप्फुसे स्वच्छ आहेत. पट्टी लावून मोजले, तर हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून कमी भरते. मधले पांढरे जसे असते तसे आहे. आजी, ही काळी पट्टी श्वासनलिका. हा वरचा उंचवटा महारोहिणीचा, इथून आवाजाची तार वळते. हे काळीज. आणि भाकरीचा घास याच्या पाठीला घासून खाली जातो, तो रस्ता यात दिसत नाही. ह्यातलं नेमकं कोण दुखतंय ते फोटोत कळत नाही, म्हणून फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगा. एवढे बोलायला दोन मिनिटे पुरली असती. बाकावर अकरा माणसे होती.